पहिल्यांदाच पिस्तूल मॅचला जायचंय, डीक्यू (मॅचमधून बाद) न होता घरी कसं यावं?

प्लानोकर_पंत

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र असतो, पण हे दुसरीकडे कुठे मराठीत विचारावं कळेना. डॅलसच्या उत्तरेला प्लानोत राहतो. ग्रीन कार्ड एकदाचं हातात पडलं आणि जुनी हौस म्हणून ग्लॉक १९ घेतलं, रीतसर क्लास केला, इनडोअर रेंजवर जातो. पण खरं सांगू का, तिथे आता कंटाळा यायला लागलाय. लेनमध्ये उभं राहा, कागद पुढे-मागे करा, भोकं पाडा, घरी या. होल्स्टरमधून काढायला बंदी, भराभर झाडायला बंदी.

ऑफिसमधला एक जण दर महिन्याला यूएसपीएसएच्या (पळत पळत पिस्तूल मारायच्या स्पर्धा घेणारी संघटना) क्लब मॅचला जातो. त्याने व्हिडिओ दाखवला आणि आपण तर गारच पडलो, माणूस पळतोय काय, भिंतीच्या कडेने वाकून मारतोय काय, पळता पळता मॅगझिन बदलतोय काय. तो म्हणतो पुढच्या महिन्यात ये. जायचं तर आहे पण धाकधूक आहे. सगळे एवढे तरबेज आणि मी मध्येच लुडबुडलो तर त्यांचा वेळ खाईन का, शिवाय दुकानदाराने सामानाची ८०० डॉलरची यादी हातात ठेवलीय ती खरंच लागते का, आणि ते हिट फॅक्टर का काय म्हणतात ते कोणी साध्या भाषेत सांगेल का. डीक्यूबद्दल फार ऐकलंय, त्याची जास्त भीती. अजून एक, माझा एच-१बी वरचा मित्र पण येतो म्हणतोय, त्याला माझ्या पिस्तुलाने एखादी स्टेज, म्हणजे मॅचमधला एक टप्पा, मारू दिली तर चालेल ना?

ह्यूस्टनचे_तात्या

पंत, खुशाल जा. वेळ खाण्याची चिंता सोडा, प्रत्येक मॅचला एखाददुसरा नवखा असतोच आणि लोक उलट हौसेने शिकवतात, आपलं मॅगझिन कमी पडलं तर शेजारचा स्वतःचं काढून देतो.

पण आधी मित्राचं, कारण यात आपली मंडळी बिनधास्त चुकतात. चालणार नाही! फेडरल कायद्याने नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला, म्हणजे एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ सगळे आले, बंदूक किंवा गोळ्या बाळगायलाच मनाई आहे. आणि बाळगणं म्हणजे विकत घेणं एवढंच नाही, तुमचं ग्लॉक त्याच्या हातात गेलं की बाळगलंच. रेंजवरचं भाड्याचं पिस्तूलही त्यातच आलं. अपवाद आहेत, त्यातला नेहमीचा म्हणजे कुठल्या तरी राज्याचं चालू मुदतीचं शिकारीचं लायसन्स, बरेच जण ते काढून मगच रेंजवर जातात. तरी इमिग्रेशनची फाईल चालू असलेल्या माणसाने आधी वकिलाला विचारावं, मित्राच्या भरवशावर जाऊ नये. नुसता बघायला येऊ दे, टार्गेटवरच्या भोकांना पट्ट्या चिकटवू दे, त्याला कोणाची हरकत नाही. आणि ग्रीन कार्ड आलं म्हणून तुम्हीही निर्धास्त राहू नका, शस्त्राचा गुन्हा लागला तर डिपोर्टेशनला तेवढं कारण पुरतं. कोलोरॅडोत जाऊन गांजाच्या गमी खाणारे आपल्यात कमी नाहीत, त्या राज्यात चालत असेल पण बंदूक विकत घेताना भरायच्या फॉर्म ४४७३ वर गांजाचा प्रश्न फेडरल कायद्याने विचारलेला असतो.

आता सामान. ती ८०० डॉलरची यादी फाडून टाका. तुमचं ग्लॉक १९ चालतं, त्याला दुसरं काही लागत नाही. ट्रिगर गार्ड पूर्ण झाकणारं कायडेक्सचं (कडक प्लास्टिकचं) होल्स्टर, कमरेच्या बाहेर लावायचं. नायलॉनचं पिशवीसारखं नको, ते चेपतं आणि पिस्तूल परत घालताना दगा देतं. जाड, न वाकणारा बेल्ट. ३-४ मॅगझिन पाउच आणि ५ मॅगझिन. स्टेजला जास्तीत जास्त ३२ गोळ्यांची गरज ठेवायचा नियम आहे, तुमच्या १९ च्या मॅगझिनमध्ये १५ बसतात, म्हणजे हिशोब करा, पण नेम चुकतो, लोखंडी प्लेट पडत नाही म्हणून दोन-चार जादा जातातच. डोळ्यांना चष्मा, कानाला मफ. २०० गोळ्या न्या, १५० च्या आसपास संपतील. फी क्लबनुसार २५-३० डॉलर. नाव प्रॅक्टिस्कोअर या वेबसाईटवर नोंदवायचं आणि उघडल्या उघडल्या नोंदवायचं, चांगल्या क्लबांच्या जागा तासाभरात भरतात. पहिल्या मॅचला बहुतेक ठिकाणी मेंबरशिप मागत नाहीत.

हिट फॅक्टर म्हणजे मिळालेले गुण भागिले लागलेले सेकंद, बास. कागदी टार्गेटवर ए, सी, डी असे भाग. ए ला ५ गुण कोणालाही. सी आणि डी ला गोळीच्या ताकदीवर ठरतं, मेजर असेल तर ४ आणि २, मायनर असेल तर ३ आणि १. ताकद म्हणजे पॉवर फॅक्टर, गोळीचं वजन ग्रेनमध्ये गुणिले वेग फूट प्रति सेकंद भागिले हजार. १२५ च्या वर मायनर, १६५ च्या वर मेजर. तुमची दुकानातली ११५ ग्रेनची ९ एमएम ११५० ने गेली तर १३२ येतो, म्हणजे मायनर. पूर्ण चुकली तर वजा १०, पांढऱ्या नो-शूटला, म्हणजे न मारायच्या टार्गेटला, लागली तर वजा १०.

आता गंमत बघा. २४ गोळ्यांची स्टेज, १२० गुण. एकाने सगळ्या ए मारल्या पण ३० सेकंद घेतले, हिट फॅक्टर ४. दुसऱ्याने २० ए आणि ४ सी मारले, ११२ गुण, पण २२ सेकंदात, ५.०९. दुसरा जिंकला. पण त्या दुसऱ्याची एकच गोळी ए मध्ये न जाता हवेत गेली असती तर ५ गेले आणि वरून १० कापले, ९७ उरले, हिट फॅक्टर ४.४१ वर आला. त्या एका मिसचे १५ गुण भरून काढायला त्याला ३ सेकंद वाचवावे लागले असते. तुम्ही सध्या सेकंदांचा विचारच करू नका.

जर्सीवाली

तात्यांनी छान लिहिलंय पण एक गोष्ट वेगळी सांगते. पहिली मॅच यूएसपीएसएचीच कशाला? आधी स्टील चॅलेंज करा. नवऱ्याबरोबर नुसती बसायला जायची मी, मग पॉइंट टू टू चं (छोट्या गोळीचं) रुगर पिस्तूल घेतलं आणि स्टीलला सुरुवात केली. पळापळ नाही, एका चौकोनात उभं राहायचं, समोर पाच प्लेटा, चार मारायच्या आणि शेवटी स्टॉप प्लेट. पाच वेळा मारायचं, सगळ्यात वाईट वेळ सोडून द्यायची, उरलेल्या चारांची बेरीज. अशा ठरलेल्या आठ स्टेज आहेत (त्यातल्या एकीत चौकोन बदलावा लागतो आणि चारदाच मारायचं असतं), जगात कुठेही गेलात तरी त्याच मापाच्या, म्हणून आपण सुधारतोय का ते लगेच कळतं. रिमफायरला, म्हणजे या पॉइंट टू टू ला, होल्स्टरच लागत नाही, पिस्तूल खाली एका खुणेकडे रोखून सुरुवात करायची, त्यामुळे नवख्याच्या निम्म्या चिंता मिटतात. शिवाय पॉइंट टू टू च्या गोळ्या स्वस्त. आणि तो टण् आवाज! कागदावर भोक पडलं का ते जवळ जाऊन बघावं लागतं, इथे लगेच कळतं.

तुम्ही टेक्सासमध्ये मजेत आहात हो. आमच्याकडे आधी आयडी कार्ड काढा, मग प्रत्येक पिस्तुलाला वेगळं परमिट, महिन्याला एकच घ्यायचं, मॅगझिन १० चंच. १० चं मॅगझिन असलं की ३२ गोळ्यांच्या स्टेजला तीनदा तरी बदलावं लागतं आणि पलीकडे पेनसिल्व्हेनियाच्या मॅचला गेलं की बाजूचा माणूस २३ चं लांबलचक मॅगझिन खुपसून निवांत चाललेला. चिडचिड होते पण रीलोड मात्र माझे त्याच्यापेक्षा बरे आहेत.

अजून एक, जे कोणीच सांगत नाही. शिसं. पुंगळ्या गोळा करून, मॅगझिन भरून हात काळे होतात आणि तसेच लोक सँडविच खातात. मॅचला डबा न्यालच, पण साबणाने गार पाण्यात खसखसून हात धुतल्याशिवाय थालीपीठाला हात लावायचा नाही. घरी लहान मुलं असतील तर बूट दाराबाहेर, कपडे वेगळे धुवायचे.

ह्यूस्टनचे_तात्या

स्टील चांगलंच आहे ताई, पण पंतांना पळायचंय, व्हिडिओ बघून गार पडलेत ते. त्यांना चौकोनात उभं केलंत तर परत येणार नाहीत.

डीक्यूचं राहिलं होतं. मुळात समजून घ्या की या मॅचची रेंज कोल्ड असते. म्हणजे रेंज ऑफिसरने मेक रेडी म्हणेपर्यंत कोणाचंच पिस्तूल भरलेलं नसतं आणि कोणी हातही लावत नाही, एकतर होल्स्टरमध्ये नाहीतर बॅगेत. हात लावायचाच तर सेफ एरियाचं टेबल असतं, तिथे पिस्तूल काढा, घाला, साफ करा, पण तिथे गोळीला शिवायचं नाही, डमी गोळीलासुद्धा नाही.

क्रम असा. मेक रेडी म्हटलं की भरा आणि होल्स्टर करा. मग आर यू रेडी, मग स्टँडबाय, मग बीप. संपलं की इफ यू आर फिनिश्ड, अनलोड अँड शो क्लिअर. मॅगझिन काढा, चेंबर दाखवा. इफ क्लिअर, हॅमर डाऊन, होल्स्टर. टार्गेटांमागच्या मातीच्या बांधाकडे रोखून ट्रिगर ओढायचा, मग आत घालायचं. रेंज इज क्लिअर म्हणेपर्यंत कोणी पुढे जायचं नाही. घरी रिकाम्या पिस्तुलावर हे सगळं मोठ्याने म्हणत करून बघा, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून. बायको हसेल, हसू दे.

डीक्यूचा मोठा राजा म्हणजे १८० अंश. तुम्ही जिथे असाल तिथून बांधाला समांतर एक रेघ कल्पना करा, नळीचं तोंड त्या रेघेच्या मागे आलं की खेळ खल्लास. गोळी सुटायची गरज नाही. आमच्या स्क्वाडमधला (एकत्र मॅच खेळणाऱ्या गटातला) एक चांगला ए क्लासचा शूटर असाच गेला. स्टेज उजवीकडून डावीकडे पळायची होती. उजव्या हाताचा माणूस डावीकडे पळायला लागला की अंग डावीकडे वळतं, त्यात मॅगझिन बदलायचं म्हणून मनगट फिरवून पिस्तूल छातीशी घेतो, आणि तोंड आपोआप डाव्या खांद्याकडे, म्हणजे मागे यायला लागतं. रेंज ऑफिसर त्याच्या कोपराशीच पळत होता. स्टॉप! माणूस जागच्या जागी थिजला, काय झालं त्याला कळलंसुद्धा होतं, वाद नाही घातला, पिस्तूल रिकामं करून बॅगेत ठेवलं आणि उरलेला दिवस आमची टार्गेटं चिकटवत बसला. पूर्ण मॅचचे गुण गेले, फक्त त्या स्टेजचे नाही. तुम्ही डावीकडे जाताना नळी बांधाकडे ठेवा आणि पाय तिरके टाका, रीलोड जागेवर उभं राहून केलात तरी कोणी काही म्हणणार नाही.

बाकीचे असे की पळताना, बदलताना, अडकलेली गोळी काढताना बोट ट्रिगर गार्डच्या बाहेर, इतकं बाहेर की लांबून दिसलं पाहिजे. पिस्तूल पडलं तर डीक्यू, आणि पडलं तर उचलायचं नाही, रेंज ऑफिसर उचलेल. झेलायचा प्रयत्न तर अजिबात नाही. गोळी १० फुटांच्या आत जमिनीत गेली तरी बाहेर, जवळचं कागदी टार्गेट मारत असाल तर गोष्ट वेगळी. मॅगझिन खाली पडलं तर पडू द्या, वाकलात की पिस्तूल कुठे फिरतं ते तुम्हाला दिसत नाही.

सांगलीकर_सध्या_शिकागो

माफ करा पण मला हे वाचून कसंतरीच झालं. या देशात शाळांमध्ये काय चाललंय ते रोज बघतो आपण, माझी मुलगी दुसरीत आहे आणि तिला लॉकडाऊन ड्रिल करायला लावतात, बाकाखाली गप्प बसायचं. आणि इथे आपली मराठी माणसं हौस म्हणून माणसाच्या आकाराच्या पुठ्ठ्यांवर गोळ्या झाडायच्या टिप्स देतायत. बॅडमिंटन खेळा की.

जर्सीवाली

माझाही मुलगा तेच ड्रिल करतो. कायदे कडक हवेत या मताची मी आहे आणि आमच्या राज्यातले आहेत ते मला मान्यही आहेत, वर कुरकुर केली ती मॅगझिनची. दोन्ही गोष्टी एकाच माणसाला वाटू शकतात. घरात पिस्तूल असेल तर ते सेफमध्ये, किल्ली किंवा कोड मुलांना माहीत नाही, गोळ्या वेगळ्या कुलपात, हे मी मॅचच्या कुठल्याही नियमापेक्षा आधी सांगेन. पंत, तुमच्याकडे सेफ आहे ना? नसेल तर होल्स्टरच्या आधी तो घ्या.

करवीर_नेमबाज

इकडून कोल्हापुरातून लिहितोय. मी १० मीटर एअर पिस्तूलवाला. आमच्याकडे ६० छर्रे आणि ७५ मिनिटं, एका हाताने, एक मारला की हात खाली, श्वास, परत वर. तुमचं २४ गोळ्या २२ सेकंदात वाचून धाप लागली राव. राही सरनोबत आमच्या गावची, २५ मीटर पिस्तूलमध्ये २०१८ ला एशियन गेम्सचं सुवर्ण आणलं, तिच्याकडे बघून आमच्या पिढीतली किती पोरं रेंजवर आली. पण त्यातही रॅपिडच्या सिरीजमध्ये माणूस एका जागी उभा असतो. प्रश्न असा की तुमचा हा प्रकार ऑलिम्पिकमध्ये का नाही आणि भारतात करता येईल का?

ह्यूस्टनचे_तात्या

नेमबाज, ऑलिम्पिक आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमांवर चालतं, ही मंडळी वेगळी. आयपीएससी, म्हणजे आमच्या या प्रकाराची जागतिक संघटना, १९७६ मध्ये मिसुरीतल्या कोलंबिया गावी जमून स्थापन झाली, पहिला अध्यक्ष जेफ कूपर, लष्करातला माणूस. ब्रीदवाक्य लॅटिनमध्ये, अचूकता, ताकद आणि वेग, तिन्ही तोलून धरायचं. हिट फॅक्टरमध्ये नेम आणि वेळ आहे, मेजर-मायनरमध्ये ताकद आहे, म्हणजे गुणपद्धती त्या तीन शब्दांवरच उभी आहे. यूएसपीएसए ही त्याची अमेरिकेतली शाखा, १९८४ पासूनची.

भारतात ९ एमएम सामान्य माणसाला मिळत नाही, ते प्रोहिबिटेड बोअरमध्ये येतं, त्यामुळे इथल्यासारखं दर शनिवारी जाऊन खेळणं तिकडे विसराच. पण तुमच्यासारख्या एअर पिस्तूलवाल्याचा ट्रिगर कंट्रोल इथल्या निम्म्या लोकांपेक्षा सरस असतो हे मी बघितलंय. पुण्याहून, बालेवाडीत शिकलेला एक पोरगा आमच्या क्लबात आला होता, ग्रीन कार्डवाला. पहिल्या मॅचला शेवटून तिसरा, पण ए एवढे की सगळे विचारायला लागले हा कोण. फक्त दोन गोळ्यांच्या मध्ये श्वास घेत उभा राहायचा, ती सवय जायला वेळ लागला.

प्लानोकर_पंत

केवढं लिहिलंत सगळ्यांनी, धन्यवाद. मित्राला सांगितलं, तो पट्ट्या चिकटवायला येतोय. सेफ घेतला आहे जर्सीवाली ताई, बायकोची पहिली अट तीच होती. शनिवारच्या मॅचला नाव टाकलं, प्रॉडक्शन डिव्हिजन (साध्या पिस्तुलांचा गट) निवडलं, बरोबर ना? डॉट (लाल ठिपक्याचं साइट) नाहीये माझ्या पिस्तुलावर. आता शेवटचे दोन बारीक प्रश्न. स्टेज पाठ कशी करायची, व्हिडिओत लोक कुठे थांबायचं ते आधीच ठरवून आल्यासारखे वाटतात. आणि गाडीतून उतरल्यावर पिस्तूल कमरेला लावायचं कुठे?

ह्यूस्टनचे_तात्या

प्रॉडक्शन बरोबर. हल्ली सगळ्यात गर्दी कॅरी ऑप्टिक्सला, म्हणजे डॉटवाल्या पिस्तुलांच्या गटाला, आहे, पण डॉट नसताना त्यात जाऊन उपयोग नाही.

स्टेजच्या आधी सगळ्यांना ५ मिनिटं वॉकथ्रूला देतात. तेव्हा बघा, टक्कल पडलेली मोठमोठी माणसं दोन बोटांचं पिस्तूल करून तोंडाने पुटपुटत इकडून तिकडे चालतायत, आपण दिवाळीत टिकल्यांचं पिस्तूल घेऊन अंगणात करायचो तेच. लाजू नका, तुम्हीही करा. आधी टार्गेटं मोजा, कागदी टार्गेटला दोन-दोन गोळ्या, म्हणून २४ गोळ्यांची सगळी कागदी स्टेज असेल तर १२ सापडली पाहिजेत, ११ सापडली तर एक भिंतीमागे लपलंय. मग कुठल्या जागेवरून कुठली मारायची ते ठरवा, आणि मॅगझिन कुठे बदलायचं ते दोन जागांमधल्या चालण्यात ठरवा, रिकामं व्हायची वाट बघू नका. पहिल्यांदा बीप वाजला की निम्मं विसरणार आहात. विसरलात तर समोर जे दिसेल ते दोन-दोन मारा आणि पुढे चला. स्क्वाडमध्ये पहिलं नाव तुमचं निघालं तर नवखा आहे म्हणून सांगा, शेवटी टाकतील, तोवर दहा जणांचं बघून होतं. मध्ये मोकळे बसू नका, प्रत्येकानंतर टार्गेटं चिकटवायला जा. न चिकटवणारा माणूस लोकांच्या बरोबर लक्षात राहतो, नेम कसाही असो.

पिस्तूल पार्किंगमध्ये बिलकुल काढायचं नाही. घरून निघतानाच रिकामं, बॅगेत बंद. होल्स्टर आणि बेल्ट रिकामेच लावून उतरा, बॅग घेऊन सरळ सेफ एरियाला जा, बांधाकडे तोंड करून तिथे काढा, होल्स्टरमध्ये घाला. भरलेली मॅगझिनं कमरेच्या पाउचमध्ये असली तरी चालतं, त्या टेबलावर हातात घ्यायची नाहीत. परत जातानाही तसंच. आणि टोपी न्या, शर्टाची कॉलर बंद ठेवा, बाजूवाल्याची गरम पुंगळी गळ्यातून आत गेली की पिस्तूल हातात असताना नाचायला होतं, त्यातून कितीतरी डीक्यू झालेत.

जर्सीवाली

पाणी भरपूर न्या, टेक्सासचं ऊन आहे. आणि इनडोअरला वापरता तो स्वस्तातला मफ असेल तर खाली फोमचे प्लगही घाला, कॉम्पेन्सेटरवाल्या (नळीच्या टोकाला धक्का कमी करणारा, पण आवाज वाढवणारा भाग) ओपन गनच्या शेजारी उभं राहिलात की कळेल.

प्लानोकर_पंत

टोपी, कॉलर, प्लग, साबण. लिहून घेतलं. शनिवारी रात्री निकाल टाकतो, शेवटून कितवा ते.